ईमेलचा मेळ : मूळ नोंद आणि तिच्या नकला

पत्र लिहिणे, ते टपालात टाकणे आणि उत्तराची वाट पाहणे हा एके काळी आपल्या ग्रामजीवनाचा नित्यक्रम होता. आज शाळेची सूचना, शिष्यवृत्तीचा निर्णय, परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेचे विवरणपत्र, शासकीय कार्यालयाकडून आलेली विचारणा यांपैकी बराचसा व्यवहार ईमेलने होऊ लागला आहे. टपालाचे पत्र एका वेळी एकाच ठिकाणी असते. ईमेल मात्र घरच्या मोबाइलवर, कार्यालयातील संगणकावर आणि परगावी शिकणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर एकाच वेळी दिसू शकतो. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु या तिन्ही ठिकाणी एकच चित्र दिसले नाही, तर तीच सोय गैरसोयीचे कारण ठरते. एका ठिकाणी आलेले पत्र दुसरीकडे आलेलेच नसते. एकीकडे पाठवलेले उत्तर दुसरीकडे आढळत नाही. पुसून टाकलेले पत्र पुन्हा उगवते. निरनिराळ्या साधनांवरील पत्रव्यवहार एकमेकांशी जुळता ठेवणे यास 'मेळ' म्हणता येईल. मोबाइलच्या पडद्यावर त्यालाच 'सिंक' असे नाव दिलेले आढळते. हा मेळ का बिघडतो व तो कसा बसवावा, याची माहिती सर्वसामान्य वाचकांस व्हावी, या हेतूने हा लेख दिला आहे.

सीमाभागातील एक उदाहरण

मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात, बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या मार्गावर उकवा हे मँगनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. ही खाण चालविणाऱ्या 'मॉयल' या सार्वजनिक उपक्रमाचे मुख्यालय नागपूर येथे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या वेळी नागपूर व भंडारा हे जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात आले आणि बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तथापि वैनगंगेच्या खोऱ्यातील मराठी व पोवारी बोलणाऱ्या कुटुंबांचे नातेसंबंध, शिक्षण आणि नोकरी या गोष्टी आजही दोन्ही राज्यांत पसरलेल्या आहेत. अशा कुटुंबांतील माणसे एकमेकांपासून दूर असल्यामुळे, एकच ईमेल खाते दोन गावांतून पाहिले जाणे हे येथे स्वाभाविकच होय.

समजा, उकवा येथील एका शिक्षकांनी आपल्या कन्येच्या महाविद्यालय प्रवेशाच्या अर्जावर स्वतःचा ईमेल पत्ता दिला. कन्या नागपूरला मावशीकडे राहते व तेच खाते आपल्या मोबाइलवर उघडते. शिक्षकांनी तेच खाते शाळेतील जुन्या संगणकावरही जोडून ठेवले आहे. मूळ कागदपत्रे घेऊन तीन दिवसांत उपस्थित राहावे, अशी महाविद्यालयाची सूचना येते. ती शाळेच्या संगणकावर उतरते. नागपूरच्या मोबाइलवर मात्र ती कधीच दिसत नाही. तीन दिवस उलटून गेल्यावर ही गोष्ट लक्षात आली, तर हातची जागा जाते. यात महाविद्यालयाची चूक नसते व टपालखात्याचीही नसते. दोष असतो तो एका साध्या जोडणीत. तो समजण्यासाठी ईमेलचे मूळ कोठे असते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

मूळ नोंदवही कोणती?

प्रत्येक कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. एखाद्या लिपिकाने तीवरून आपल्या टिपणवहीत नक्कल उतरवून घेतली, तर ती नक्कल झाली. मूळ नोंद नोंदवहीतच राहिली. ईमेलचेही असेच आहे. आपणांस आलेले पत्र प्रथम ईमेल सेवा पुरविणाऱ्या संस्थेच्या मोठ्या संगणकात जमा होते. या संगणकास 'सर्व्हर' म्हणतात. हीच मूळ नोंदवही. मोबाइलवर किंवा घरच्या संगणकावर आपण जे पाहतो, ती बहुधा तिची नक्कल असते. निरनिराळी ॲप्स म्हणजे ही नक्कल उतरवून घेणारे निरनिराळे लिपिकच होत. सर्व नकला एकाच नोंदवहीवरून आणि वेळच्या वेळी उतरविल्या जात असतील, तर मेळ टिकतो. एखादा लिपिक नोंदवहीतील पानच काढून घेऊन गेला, अथवा त्याने नक्कल उतरविणे मध्येच थांबविले, तर मेळ बिघडतो.

पॉप आणि आयमॅप

नक्कल उतरविण्याच्या दोन पद्धती विशेष प्रचारात आहेत. पहिलीस 'पॉप' म्हणतात. तिचे पहिले रूप १९८४ साली व आज वापरात असलेले तिसरे रूप १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून थोडा वेळ संपर्क साधावा, आलेली पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घ्यावीत आणि संपर्क तोडावा, अशी रीत होती. सर्व्हरवर जागा थोडी असे. म्हणून पत्र उतरवून झाले की तेथून ते काढून टाकले जाई. एका माणसाजवळ एकच संगणक असताना ही पद्धत पुरेशी होती.

दुसरी पद्धत 'आयमॅप' होय. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ साली आखली. या पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहते. वाचले, न वाचले, उत्तर दिले, पुसले, दुसऱ्या कप्प्यात ठेवले, या सर्व खुणांची नोंद सर्व्हरवरच होते आणि प्रत्येक साधन तीच नोंद पाहते. एकाहून अधिक साधने वापरणाऱ्यांसाठी हीच पद्धत योग्य आहे.

वर दिलेल्या उदाहरणातील गोंधळाचे कारण आता ध्यानात येईल. शाळेतील जुना संगणक 'पॉप' पद्धतीने जोडलेला होता. त्याने पत्र उतरवून घेतले व सर्व्हरवरून काढून टाकले. नागपूरच्या मोबाइलला पाहण्यासाठी तेथे काही उरलेच नाही. यावर उपाय म्हणजे त्या संगणकावरील जोडणी 'आयमॅप' पद्धतीची करणे. काही कारणाने 'पॉप' ठेवणे भागच असेल, तर 'पत्राची प्रत सर्व्हरवर ठेवावी' हा पर्याय निवडलेला आहे किंवा नाही, हे अवश्य पाहावे. जोडणी कोणत्या पद्धतीची आहे, हे खात्याच्या सेटिंग्जमध्ये लिहिलेले असते. तेथे ९९३ हा क्रमांक दिसल्यास ती बहुधा आयमॅपची आणि ९९५ दिसल्यास पॉपची जोडणी समजावी.

पहिली कसोटी

पत्र दिसत नाही अशी शंका येताच बहुतेक लोक ॲप काढून पुन्हा बसवितात, खाते पुसून पुन्हा जोडतात किंवा पासवर्ड बदलतात. असे करण्यापूर्वी एकच कसोटी लावावी. मोबाइलवरील वा संगणकावरील ब्राउझर उघडून ईमेल सेवेच्या संकेतस्थळावर जावे व तेथे आपले खाते उघडून पाहावे. तेथे दिसते ती मूळ नोंदवही. पत्र तेथे असेल, तर दोष त्या विशिष्ट साधनात किंवा ॲपमध्ये आहे. पत्र तेथेही नसेल, तर मोबाइलशी कितीही खटपट केली तरी व्यर्थ होय. कारण निराळ्या ठिकाणी शोधले पाहिजे. या एका कसोटीने अर्धे काम होते.

पत्र सर्व्हरवरच नसल्यास

अशा वेळी पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१. पत्ता : अर्जावर आपलाच पत्ता दिला होता काय? सेवा केंद्रात किंवा एमपी ऑनलाइनच्या दुकानात अर्ज भरताना, अर्जदाराजवळ ईमेल नसेल तर दुकानदाराचाच पत्ता लिहिला जाण्याचा संभव असतो. मग सर्व सूचना त्याच्या खात्यात जातात. अर्जाच्या पावतीवरील पत्ता अक्षर न् अक्षर वाचून पाहावा. एका अक्षराचा वा टिंबाचा फरकही पत्र दुसरीकडे नेऊ शकतो.

२. इतर कप्पे : 'स्पॅम' म्हणजे नको असलेल्या पत्रांचा कप्पा पाहावा. जीमेलमध्ये या कप्प्यातील व कचरापेटीतील पत्रे ३० दिवसांनंतर आपोआप पुसली जातात, म्हणून विलंब करू नये. 'आर्काइव्ह' केलेले पत्र मुख्य कप्प्यातून नाहीसे होते, परंतु पुसले जात नाही. ते 'ऑल मेल' या कप्प्यात सापडते. जाहिराती व सूचनांचे निराळे रकाने असल्यास तेही पाहावेत.

३. जागा : जीमेलच्या विनामूल्य खात्यास १५ जीबी जागा मिळते आणि ती पत्रे, ड्राइव्ह व छायाचित्रे यांत सामाईक असते. मोबाइलवरील छायाचित्रे व चित्रफिती खात्यात साठत गेल्या की ही जागा भरते व नवी पत्रे येणे बंद होते. पत्रे थोडी असूनही जागा भरल्याचे दिसते, त्याचे कारण हेच.

४. दुसरे साधन : पूर्वी कोठे 'पॉप' पद्धतीने खाते जोडले होते काय, याची आठवण करावी. बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या टेबलावरील जुना संगणक आजही पत्रे उचलत असू शकतो. पत्रे दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पाठविण्याचा किंवा परस्पर पुसण्याचा नियम सेटिंग्जमध्ये घातलेला नाही ना, हेही पाहावे. अनोळखी पत्त्यावर पत्रे जात असल्याचे आढळल्यास तो नियम काढून टाकावा व पासवर्ड ताबडतोब बदलावा.

पत्र सर्व्हरवर आहे, साधनावर नाही

ही अडचण अधिक वेळा येते आणि तिचे निवारणही सोपे असते.

प्रथम जाळे पाहावे. उकव्याचा परिसर डोंगराळ व वनाच्छादित आहे; भूमिगत खाणीत उतरलेल्या कामगाराच्या मोबाइलला तर संकेत मिळतच नाहीत. संपर्क नसताना ॲप जुनीच नक्कल दाखविते आणि वाचणाऱ्यास ती ताजी वाटते. म्हणून संपर्क आल्यावर पत्रांची यादी बोटाने खाली ओढून सोडावी. म्हणजे ॲप सर्व्हरकडे पुन्हा विचारणा करते.

त्यानंतर 'सिंक' चालू आहे काय, हे पाहावे. ही कळ मोबाइलच्या मुख्य सेटिंग्जमध्ये एक व ॲपच्या सेटिंग्जमध्ये दुसरी, अशी दोन ठिकाणी असू शकते. बॅटरी वाचविणारी किंवा डेटा वाचविणारी योजना चालू असेल, तर ॲप उघडल्याखेरीज पत्रे येत नाहीत. महत्त्वाच्या पत्राची वाट पाहत असताना ईमेलच्या ॲपला या योजनेतून वगळावे. काही ॲप्स पत्र येताच कळवितात, तर काही ठरावीक मिनिटांनी सर्व्हरला विचारतात. त्यामुळे एका मोबाइलवर पत्र लगेच आले व दुसऱ्यावर पाव तासाने आले, तर त्यास बिघाड समजू नये.

जुनी पत्रे दिसत नसतील, तर किती दिवसांची पत्रे साधनावर ठेवावयाची हा आकडा पाहावा. अँड्रॉइड मोबाइलवरील जीमेलमध्ये तो सर्वसाधारणपणे ३० दिवसांचा असतो. त्यापूर्वीची पत्रे नष्ट झालेली नसतात. ती सर्व्हरवर सुरक्षित असतात.

पासवर्ड बदलला असल्यास तो प्रत्येक साधनावर पुन्हा द्यावा लागतो. याखेरीज एक महत्त्वाचा बदल अनेकांस ठाऊक नसतो. जुन्या ॲप्समधून केवळ नाव व पासवर्ड देऊन खाते उघडण्याची सोय गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केली. म्हणून जुन्या संगणकावरील ईमेलचा कार्यक्रम अचूक पासवर्ड देऊनही 'पासवर्ड चुकीचा आहे' असे सांगत राहतो. अशा वेळी कार्यक्रमाची नवी आवृत्ती घ्यावी व सेवा पुरविणाऱ्या संस्थेच्या पानावरून खाते जोडावे. गूगलच्या खात्यात दुहेरी पडताळणी चालू करून त्या कार्यक्रमापुरता १६ अक्षरांचा स्वतंत्र पासवर्डही घेता येतो.

शेवटी, साधनाचे घड्याळ व दिनांक पाहावेत. सर्व्हरची ओळख पटविणाऱ्या प्रमाणपत्रास मुदत असते. संगणकाचा दिनांक काही वर्षे मागे गेलेला असेल, तर ते प्रमाणपत्र त्यास अग्राह्य वाटते व जोडणी होत नाही. आतील लहान बॅटरी संपलेल्या जुन्या संगणकांत हा दोष आढळतो.

पाठवलेली पत्रे व मसुदे

'मी पाठवले' आणि 'त्यांना मिळाले' या दोहोंमध्ये एक पायरी आहे, तिचे नाव 'आउटबॉक्स'. संपर्क नसताना पाठवलेले पत्र या कप्प्यात थांबते. ते केवळ त्या साधनावर असते, सर्व्हरवर नसते. त्यामुळे दुसऱ्या साधनावर ते दिसत नाही, आणि मोबाइल हरवला तर पत्रही हरवते. पत्र 'सेंट' या कप्प्यात गेलेले पाहिल्याखेरीज ते पाठवले असे समजू नये. जीमेलमध्ये पत्रासोबतच्या कागदपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे. मोठी छायाचित्रे लहान करून जोडावीत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ही दक्षता फार मोलाची ठरते.

काही कार्यक्रम पाठवलेली पत्रे सर्व्हरवर न ठेवता स्वतःच्या निराळ्या कप्प्यात ठेवतात. तेव्हा 'सेंट' नावाचे दोन कप्पे दिसू लागतात. पाठवलेली पत्रे, मसुदे व कचरापेटी यांसाठी सर्व्हरवरील कप्पाच वापरावा, असे सेटिंग्जमध्ये नेमून द्यावे.

काय करू नये?

आयमॅपने जोडलेले पत्र एका साधनावर पुसले की ते सर्वत्र पुसले जाते. मोबाइलमधील जागा मोकळी करण्यासाठी पत्रे पुसणे म्हणजे नक्कल नव्हे, तर मूळ नोंदच फाडणे होय. त्याऐवजी साधनावर ठेवावयाच्या दिवसांचा आकडा कमी करावा.

याउलट, पॉपने जोडलेल्या जुन्या संगणकावर अनेक वर्षांची पत्रे असतील आणि ती सर्व्हरवर नसतील, तर ती नक्कल राहिलेली नसून तीच आता एकमेव मूळ प्रत झालेली असते. अशा संगणकावरील खाते काढून टाकणे वा संगणक मोडीत देणे यापूर्वी त्या पत्रांची प्रत दुसरीकडे सुरक्षित करून घ्यावी. ब्राउझरची कसोटी आधी लावावी, असे वर सांगितले, त्याचे हेही एक कारण आहे. सर्व्हरवर पत्रे आहेत याची खात्री झाल्यावर मोबाइलवरील खाते काढून पुन्हा जोडण्यास हरकत नाही. मात्र आउटबॉक्स रिकामा आहे, हे आधी पाहावे.

सेवा केंद्रातील संगणकावर आपले खाते उघडल्यास काम होताच ते बंद करण्यास विसरू नये. तसेच दोन वर्षे मुळीच न वापरलेले वैयक्तिक खाते पुसून टाकण्याचा अधिकार गूगलने राखून ठेवला असून, डिसेंबर २०२३ पासून या धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली आहे. केवळ अर्जापुरते काढलेले खाते अधूनमधून उघडून पाहावे.

कार्यालये व शाळा यांसाठी

ग्रामपंचायत, शाळा वा कार्यालय यांचे एकच खाते अनेक कर्मचारी पाहतात. येथे मेळ उत्तम असूनही एक निराळा घोटाळा संभवतो. एका लिपिकाने सकाळी पत्र उघडले की 'वाचले' ही खूण सर्व साधनांवर उमटते. मुख्याध्यापक सायंकाळी पाहतात, तेव्हा त्यांस नवीन पत्र एकही दिसत नाही. उघडणाऱ्यास वाटते की साहेब पाहतील. साहेबांस वाटते की काही आलेलेच नाही. हा दोष यंत्राचा नाही. आलेली पत्रे पाहण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी, तिच्या रजेत पर्यायी व्यक्ती नेमावी, महत्त्वाच्या पत्राची नोंद आवक नोंदवहीत घ्यावी आणि काम पूर्ण होईपर्यंत त्या पत्रावर 'न वाचलेले' ही खूण परत लावून ठेवावी. कर्मचारी बदलून गेल्यावर त्याच्या साधनावरील जोडणी काढून पासवर्ड बदलावा.

शासकीय खात्यांबाबत निराळी दक्षता आवश्यक आहे. केंद्र शासनाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ईमेल धोरणानुसार शासकीय खात्यातील पत्रे वैयक्तिक खात्याकडे वळविण्यास, तसेच पॉप वा आयमॅपने ती खासगी ईमेल सेवेत उतरवून घेण्यास मनाई करण्यात आली. मेळ बसविण्याच्या सोयीसाठी असा आडमार्ग घेऊ नये. अडचण असल्यास १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजेच एनआयसीच्या, जिल्हा केंद्राकडे विचारणा करावी.

समारोप

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यातून पहिला ईमेल पाठविला आणि आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांस उपलब्ध झाले. तेव्हापासून साधने वाढली, ॲप्स वाढली. पण मूळ नोंद एक व नकला अनेक, हे तत्त्व कायम आहे. पत्र दिसेनासे झाले की प्रथम मूळ नोंद पाहावी, नंतर नक्कल तपासावी, आणि या दोन्ही गोष्टी होईपर्यंत काहीही पुसू नये.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ब्राउझरची कसोटी एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी. ज्यांचे अर्ज विचाराधीन आहेत, अशा ग्रामस्थांनी आपला पत्ता, खात्यातील उरलेली जागा आणि स्पॅमचा कप्पा या तीन गोष्टी आठवड्यातून एकदा पाहण्याचा परिपाठ ठेवावा. त्यासाठी पाच मिनिटे पुरतात, आणि तीन दिवसांच्या मुदतीची सूचना तीन दिवसांच्या आत हाती पडते.